काकांचं वाळवंटातलं लेणं

माझ्या घराच्या भिंती पोकळ आहेत, हे मला काकांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

बहारीनच्या हमद टाउनमध्ये आम्ही भाड्यानं फ्लॅट घेतला तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकानं रीत म्हणून काहीतरी बरं म्हटलं. कुणी म्हणालं किचन मोठं आहे, कुणी म्हणालं बाल्कनीत वारा छान येतो. काका आले, चपला काढल्या आणि कुणाशी काही न बोलता हॉलच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकत निघाले. टक टक. दोन पावलं पुढं. टक टक. बेडरूमपर्यंत जाऊन आले आणि माझ्या नवऱ्यादेखत मला म्हणाले, "वसईकरीण, भाडं भरतीस आन् डब्यात राहतीस व्हय गं? जिप्समचा डबा हाय हा नुसता." मग गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावले, खाली आले, हात धुतले आणि म्हणाले, "टाकी बरी हाय. आता चहा कर."

त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हं."

काका आमच्या कंपनीत प्लंबिंगचे फोरमन होते. मी ऑफिसात, व्हिसा, लीव्ह, तिकिटं असल्या भानगडी बघणारी. मी वसईची ख्रिस्ती, ते जुन्नरकडचे बौद्ध. बहारीनमध्ये येईपर्यंत आम्ही एकमेकांना भेटण्याचं काही कारण नव्हतं, आणि आल्यावर एकमेकांना टाळण्याची सोय राहिली नाही. सगळेच त्यांना काका म्हणायचे. मल्याळी स्टोअरकीपर काका म्हणायचा, पाकिस्तानी ड्रायव्हर काका म्हणायचा, आमचा बहारीनी मॅनेजरसुद्धा "यल्ला काका", म्हणजे चला काका, अशी हाक मारायचा. त्यांचं खरं नाव बहुतेक मलाच ठाऊक असेल, कारण व्हिसाच्या कागदांवर ते मी टाइप करायचे.

काम करताना माणूस एकदम सरळ. गळकी पाइप, तुंबलेली मोरी, फुटलेला व्हॉल्व्ह, काहीही असो, काम झालं की दोन्ही हात एकमेकांवर झटकायचे आणि म्हणायचे, "खलास." इथल्या अरबीतला हा शब्द आपण सगळेच वापरतो, संपलं म्हणायला. पण काकांनी खलास म्हटलं की त्या जागी पुन्हा थेंब गळायचा नाही. आमचा मॅनेजर काम बघायला जायचाच नाही. नुसतं फोनवर विचारायचा, "काका खलास बोला?"

बिघाड सगळा कामाबाहेर.

काकांच्या गावामागच्या डोंगरात लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कातळ पोखरून बौद्ध भिक्खूंसाठी केलेली. लहानपणी काका तिथं शेळ्या न्यायचे आणि दुपारी ऊन चढलं की भिक्खूंच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर झोपायचे. तहान लागली की दाराशेजारी दगडातच खोदलेलं टाकं होतं, त्यातलं पाणी प्यायचे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही जागेला लावायला त्यांच्याकडे दोनच मापं होती. भिंत भरीव पाहिजे, आणि दाराशी पाणी पाहिजे. "टाकी मफी, माणूस मफी," असं ते म्हणायचे. मफी म्हणजे नाही. टाकी नाही तिथं माणूस राहात नाही. हे वाक्य मी बहारीनमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या नवऱ्याला झोपेत विचारलंत तरी तो म्हणून दाखवील.

कुणाकडे जेवायला बोलावलं तरी हाच प्रकार. आधी गच्ची, मग पान. एकदा एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याकडे गेले, टाकी उघडली, खाली आले आणि भरल्या ताटावरून उठून टाकी धुवायला परत वर गेले. ती बिचारी नवी नवरी रडायला लागली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत "हं, हं" करत होत्या. काकूंचं बोलणं तेवढंच. त्यांच्या हंमध्ये होकार, नकार, राग, लोभ सगळं असायचं, आणि सवयीनं ते कळायलाही लागायचं.

पण एक गोष्ट काकांनी मला थट्टेवारी न नेता सांगितली होती. लहानपणी गावात सगळे त्या लेण्यांना पांडवांची लेणी म्हणायचे. शाळेत गुरुजीही तेच सांगायचे. मग काका नववीत असताना वस्तीतल्या विहारात पुण्याहून कोणी एक माणूस आला आणि त्यानं सांगितलं की पांडवबिंडव काही नाही, ही बौद्धांची लेणी आहेत, कोणी दान दिलं, कशासाठी दिलं, ते भिंतीवर कोरून ठेवलेलं आहे, फक्त आपल्याला ती लिपी येत नाही. "त्या दिवशी मला असा राग आला म्हनून सांगू," काका म्हणाले. "माझ्याच घरात मी पाव्हना म्हनून झोपत हुतो इतकी वर्सं."

हा राग पुढे कुठं कुठं गेला ते आता सांगते.

साइट ऑफिसात काकांच्या टेबलामागे एक जुनं कॅलेंडर होतं. कुठल्याशा ट्रॅव्हलवाल्यानं वाटलेलं. वर्ष कधीच संपलं होतं, पण काका ते काढू देत नव्हते. रंगारी आले तेव्हा त्यांनी त्याच्याभोवतीनं रंग दिला. त्या कॅलेंडरवर सौदीतल्या वाळवंटाचा फोटो होता. वाळूत उभा प्रचंड खडक, त्याच्या अंगावर कोरलेले खांब, वर पायऱ्यापायऱ्यांची नक्षी आणि खाली मधोमध काळंभोर दार. हेग्रा नावाचं जुनं शहर. काकांनी तो फोटो पहिल्यांदा बघितला आणि त्यांचा निकाल झाला. हे लेणं आहे. आपलं आहे. जुन्नरहून नाणेघाट उतरून व्यापारी बंदरावर जायचे, तिथून जहाजानं अरबस्तानात जायचे, त्यांच्याबरोबर भिक्खू गेले असणार आणि पाथरवटही गेले असणार. असणार म्हणता म्हणता पुढच्या वर्षी काकांच्या बोलण्यात ते भिक्खू खरंच गेलेले होते.

हे सगळं आम्हाला दर बुद्धपौर्णिमेला ऐकायला लागायचं.

बहारीनमधले आपले बौद्ध लोक मे महिन्यात राजधानी मनामात एक हॉल घेतात. वंदना होते, मुलं गाणी म्हणतात, मग भाषणं, मग खीर. खीर काकूंची. मी फक्त तिच्यासाठी जायचे, हे मी सगळ्यांना सांगूनच जायचे. पण खिरीच्या आधी काका असायचे. एरवी वर्षभर गळत्या नळांबद्दल बोलणारा हा माणूस त्या संध्याकाळी पांढरा शुभ्र सदरा घालून माईक हातात घ्यायचा आणि गावच्या डोंगरापासून सुरुवात करायचा. नाणेघाट उतरेपर्यंत मुलं खुर्च्यांखाली शिरलेली असायची. जहाज समुद्रात असताना बायका पर्स आवरायच्या. अरबस्तानचा किनारा दिसेपर्यंत खिरीवर साय धरलेली असायची.

आमचे अध्यक्ष नागपूरकडचे इंजिनिअर, भला माणूस. एका वर्षी त्यांनी काकांच्या हातात चिठ्ठी सरकवली. काकांनी ती माईकवरून मोठ्यानं वाचली, "वेळ संपली आहे," घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तर जहाज वादळात सापडलं."

कामाच्या ठिकाणी दिवसाला दहा वेळा खलास म्हणणारा माणूस माईकवर तो शब्द विसरायचा. ते म्हणायचं काम अध्यक्षांचं.

गेल्याच्या गेल्या पौर्णिमेला अध्यक्षांनी हिंमत केली. भाषण संपल्यावर हळूच म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण नेटवर बघितलं मी. ती थडगी आहेत. लेणी नाहीत."

काका माईक हातात धरूनच वळले. "नेटवर टाकनारा तिथं राहायला हुता का?"

"तसं नाही, पण अभ्यास केलेल्या लोकांनी..."

"आमच्या लेण्यांस्नी पन अभ्यास केलेले गुरुजीच पांडवांची म्हनायचे. आन् थडगी मला शिकवू नका. मी थडग्यांच्या शेजारी राहतो."

हे मात्र खरं होतं. हमद टाउनच्या कडेला हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे मातीचे उंचवटे आहेत, नजर जाईल तिथवर. काकांच्या किचनच्या खिडकीतून तेच दिसायचे. काका म्हणाले, "रोज बघतो मी. ढिगारा असतो. थडग्याला कुनी दार करतं का? मेलेला मानूस काय भायेर जानार हाय भाजी आनायला?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "आपन जाऊ. समद्यांनी जाऊ. तिथं लेणं नसलं तर ह्या माईकला मी पुन्हा हात लावनार न्हाय. भर सभेत सांगतो."

मला माझी खोडी काही सुटत नाही. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "थडगी निघोत, मी नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना करते." काकूंनी ऐकलं आणि माझ्याकडे बघून "हं" म्हणाल्या. हा कुठला हं होता ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यातली खरी गोम मला ऑफिसात बसून ठाऊक होती. काकांची साठी झाली होती. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांचा व्हिसा संपणार होता आणि कंपनी तो वाढवणार नव्हती. म्हणजे काकांच्या वाट्याला बहारीनमधली एकच बुद्धपौर्णिमा उरली होती. आणि तिच्यावर या माणसानं भर सभेत पैज लावली होती.

डिसेंबरात थंडी पडल्यावर आम्ही निघालो. एका मोठ्या गाडीत काका, काकू, अध्यक्ष, त्यांची बायको, मी आणि माझा नवरा. काकांची अट अशी की सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. लेण्यात वंदनेला जायचं तर पांढरंच. मी म्हटलं, "काका, मी ख्रिस्ती." ते म्हणाले, "मग तुझ्याकडं बाप्तिस्म्याचा असंल की पांढरा झगा." मी पांढरा पंजाबी ड्रेस शिवून घेतला.

समुद्रावरचा कॉजवे ओलांडून सौदीत शिरलो. रस्ता लांबचा, वाटेत हाइलला मुक्काम. रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की काका म्हणायचे, "थांबव." उतरायचे, कातळावर पेरानं ठोकायचे, कान लावायचे, परत येऊन बसायचे. "मऊ हाय," म्हणायचे. किंवा "कोरण्याजोगा हाय." माझा नवरा हॉस्पिटलात टेक्निशियन आहे. तो म्हणाला, "एवढा कान लावून तर आमचे डॉक्टरपण पेशंट तपासत नाहीत." मी वसईची सुकेळी आणली होती. केळी उन्हात वाळवून आमच्याकडे करतात ती. काकूंना ती फार आवडली. मागच्या सीटवर बसून त्या एकेक तोंडात टाकत होत्या आणि काकांच्या बोलण्याला अधूनमधून हं देत होत्या. त्या प्रवासात काका इतके खुशीत होते की मला माझ्या नोव्हेनाची लाज वाटायला लागली.

तिथं आपली गाडी आत नेता येत नाही. तिकीट काढून त्यांच्या बसमधून जायचं. बसच्या थांब्यावर आम्ही सहा पांढरे उभे राहिलो तेव्हा एका म्हाताऱ्या सौदी गृहस्थानं माझ्या नवऱ्याला विचारलं, तुम्ही मेडिकल टीम का? आणि उत्तराची वाट न बघता गुडघा पुढं केला. नवऱ्यानं तो तपासलासुद्धा.

बस वळली आणि तो खडक समोर आला. कॅलेंडरवरचा.

मी आता थट्टा करत नाही. चहूकडे सपाट वाळू, आणि मध्ये सोनेरी खडकांचे ढीग, आणि त्यांच्या अंगावर दारं. उंचच उंच खांब, वर त्या पायऱ्या, दारावर पंख पसरलेला पक्षी. काका खाली उतरले आणि वाळूत उभे राहून रडायला लागले. आवाज नाही काही. नुसतं पाणी गालावरून खाली. काकूंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं.

मग त्यांनी बूट काढले. मोजे काढून बुटात खोचले. आम्हीही काढले. गाइड अजून मागच्या लोकांना उतरवत होती. काका दारासमोर हात जोडून उभे राहिले आणि हळू आवाजात बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणायला लागले. सौदीत उघड्यावर दुसऱ्या धर्माची प्रार्थना चालत नाही, म्हणून अध्यक्ष इकडेतिकडे बघत "काका, हळू, काका, अजून हळू" करत होते, पण त्यांचेही हात जोडलेले होते. मला ते पाठ नाही, म्हणून मी माझं मनातल्या मनात म्हटलं.

वंदना झाली आणि काका दाराच्या डाव्या बाजूला गेले. वाळूत वाकून बघितलं. मग उजव्या बाजूला गेले. मग शेजारच्या खडकाच्या दाराशी गेले, तिथंही दोन्ही बाजूंना बघितलं. मला कळलं ते काय शोधतायत. मीही वाळूत टाकं दिसतंय का ते बघायला लागले.

परत आले तोवर गाइड आम्हाला आत नेत होती. काळ्या पायघोळ अबायातली चुणचुणीत तरुण मुलगी, इंग्रजी झकास. आत एक लहानशी खोली होती. खांब नाहीत, सभागृह नाही, स्तूप तर नाहीच. भिंतींत माणसाच्या लांबीचे कोनाडे. काकांचा चेहरा जरा उजळला. "ह्ये बघा ओटे. झोपायच्या जागा," असं म्हणून ते भिंतीवर ठोकायला बोट उचलत होते तेवढ्यात मुलगी म्हणाली, कृपा करून हात लावू नका. मग तिनं हसून अध्यक्षांना विचारलं, काय म्हणतायत हे? अध्यक्षांनी सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे, झोपायच्याच जागा आहेत, पण कायमच्या.

अध्यक्ष मराठीत सांगायला लागले, "काका, ती म्हणतेय की..."

"कळलं," काका म्हणाले.

मुलगी पुढं सांगत होती. लोक राहायचे ते इथून लांब, मैदानात, मातीच्या घरांत. विहिरी तिकडेच आहेत. इथं कोणी राहात नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं दाराच्या वर बोट दाखवलं. तिथं कोरलेली अक्षरं होती. बऱ्याच दारांवर असं लिहिलेलं आहे, ती म्हणाली. हे थडगं कुणी केलं, कुणासाठी केलं, आणि जो कोणी हे आपलं म्हणून बळकावेल त्याला शाप.

काका त्या अक्षरांकडे बघत राहिले. उन्हात डोळे बारीक करून, अनवाणी. मग अगदी हळू, जणू स्वतःलाच, म्हणाले, "टाकी मफी." खाली बसले आणि मोजे चढवायला लागले. एक मोजा उलटा चढवला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. काकूंनी तो ओढून काढला, सुलट केला आणि परत घातला.

परतीच्या वाटेवर कातळ आले आणि गेले. "थांबव" कोणी म्हटलं नाही. माझा नवरा एका ठिकाणी आपणहून गाडी हळू करून म्हणाला, "काका, हा कोरण्याजोगा वाटतो नाही?" काका म्हणाले, "चालू दे." मी पुढच्या सीटवरून मागं वळले आणि म्हटलं, "काका, आम्ही तर दर नोव्हेंबरात थडग्यांवर जाऊनच प्रार्थना करतो. मेणबत्त्या लावतो. तुम्ही प्रार्थना केली त्यात वाईट काय झालं? ती बिचारी दोन हजार वर्षं पडलीयत, कुणी हात जोडले असतील का त्यांना?" ते म्हणाले, "प्रार्थनेचं काय न्हाय गं." एवढंच. मी, जिला सगळे तोंडाळ म्हणतात, परत पुढं वळून बसले.

साइट ऑफिसातलं कॅलेंडर दुसऱ्याच दिवशी निघालं. भिंतीवर तेवढा चौकोन जुन्या रंगाचा राहिला.

मे आला. काकूंनी मला फोन केला. त्यांनी फोन करणं हीच बातमी होती. म्हणाल्या, "दर सालाला मी कणिक मळते आन् हे किचनात हुबं राहून पौर्णिमेचं भाषण घोकत्यात. यंदा गप बसल्यात. मला कणिक मळवंना." आणि फोन ठेवला. मी माझ्या पोकळ घरात बसून रडले. खरंच सांगते. ज्या भाषणाला आम्ही सगळे कंटाळलो होतो, ते आता होणार नाही म्हणून.

हॉल भरला होता. दर वर्षापेक्षा जास्त माणसं, कारण काका-काकू जाणार हे सगळ्यांना कळलं होतं. वंदना झाली, मुलांची गाणी झाली. काका पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. अध्यक्षांनी माईक घेऊन सांगितलं की काका या महिन्याअखेर गावी चाललेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. काका उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मी शब्द दिलाय. हात लावनार न्हाय." आणि बसले.

"काका, ती गंमत होती. कोणी मनावर घेतलं नाही."

"मी घेतलंय."

अध्यक्ष माईक पुढं करून तसेच उभे. काका मान खाली घालून बसलेले. तेवढ्यात मागून, खिरीच्या पातेल्याकडून, काकू आल्या. पदराला हात पुसत सगळ्या खुर्च्यांमधून चालत स्टेजवर गेल्या. अध्यक्षांच्या हातातून माईक घेतला. मला वाटलं आता या बोलणार. पण त्यांनी तो नुसता धरला, आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "तुमी हात नका लावू. मी धरते. या."

काका उठले, स्टेजवर गेले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखे. काकू त्यांच्यापेक्षा बऱ्याच ठेंगण्या. त्यांनी हात उंच करून माईक त्यांच्या तोंडाशी नेला.

"जयभीम. नमो बुद्धाय," काका म्हणाले. खुर्च्यांखालची मुलंसुद्धा बाहेर येऊन बघत होती. "तिथं लेणं न्हाय. थडगी हायेत. मी स्वता बघून आलो. अध्यक्षसाहेब बोलले ते खरं हुतं."

काकूंनी माईकचा हात बदलला.

"आमच्या लेण्यांवर दुसऱ्याचं नाव लावलं हुतं, म्हनून मी जन्मभर तणतण केली. माझा बाप सांगत मेला की पांडवांची हायेत. त्याला ठाऊकच न्हवतं की त्येची हायेत. आन् मी हितं काय करत हुतो इतकी वर्सं? तेच. त्या मानसांनी दारावर लिहून ठेवलंय की हे आमचं हाय. मला त्यांची लिपी येत न्हाय, म्हनून मी माझी पाटी लावली. तिथं मला लाज वाटली. तुमच्यासमोर हरलो म्हनून न्हाय. त्या दारासमोर. त्यांची माफी तिथंच मागायला पायजे हुती. मोजे घालायच्या नादात ऱ्हाऊन गेली. हितं मागतो. आपल्या पोरांस्नी आपली लेणी दाखवा. बापाला सांगायचं राहिलं, तुमी पोरांस्नी सांगा."

माझ्या शेजारची बाई, जिच्यापाशी मी नोव्हेनाचं बोलले होते, तोंडाला रुमाल लावून बसली होती. अध्यक्ष पुढं झाले. इतकी वर्षं ज्यांनी चिठ्ठ्या दिल्या तेच म्हणाले, "काका, बोला ना अजून. वेळ आहे आपल्याला. ते जहाजाचं सांगा."

मागून कोणीतरी ओरडलं, "हां काका, जहाज!"

काकांनी पाठीमागचे हात सोडवले. दोन्ही हात एकमेकांवर झटकले आणि म्हणाले, "खलास."

काकूंनी तरी माईक खाली घेतला नाही. न जाणो, म्हणून आणखी थोडा वेळ तसाच धरून उभ्या राहिल्या.